कुणाची शिट्टी आधी

आमच्या अग्निशमन केंद्रात मला भाता म्हणतात. लोहाराच्या भट्टीपाशी असतो तो, सतत फुसफुस करणारा. नाव ठेवलं पाण्याच्या पंपावरच्या पैलवानानं, आणि ते असं चिकटलं की नव्या भरतीतल्या पोरांना माझं खरं नाव ठाऊकच नाही. माझा जोडीदार मात्र मला कधी भाता म्हणाला नाही. अर्थात तो कुणालाच काही म्हणत नाही, म्हणून त्याला मुनी म्हणतात.

धुरात शिरताना आम्ही पाठीवर हवेची बाटली बांधतो आणि तोंडावर मास्क. छातीपाशी एक काटा असतो, तो हवा किती उरली ते दाखवतो. हवा संपत आली की बाटलीची शिट्टी वाजायला लागते आणि बाहेर पडेपर्यंत थांबत नाही. आत कधीच एकट्यानं जायचं नाही, जोडीनं जायचं. आणि जोडीतल्या कुणाचीही शिट्टी वाजली की दोघांनी मागे फिरायचं. तिथे "तू हो पुढे, मी आलोच" चालत नाही.

आमच्या जोडीत शिट्टी नेहमी माझी वाजायची.

हा माझ्यावर सरळसरळ अन्याय होता. केंद्रात सगळ्यात जोरात धावते मी. रोज सकाळी धावते, आजारी असले तरी धावते. केंद्राच्या काचेच्या कपाटात ठेवलेली पदकं धावण्याची आहेत आणि सगळी माझी आहेत. मुनी माझ्याहून चांगलाच मोठा, पोट सुटलेला, बस गाठायलाही न धावणारा. तरी आतून बाहेर आल्यावर त्याच्या बाटलीत हवा शिल्लक आणि माझी ठणठण रिकामी. पैलवान म्हणायचा, "भात्यानं फुंकली सगळी." मी त्याला एकदा पाण्याच्या पाईपनं नखशिखांत भिजवलाय, पण त्यानं नाव बदललं नाही.

मग कापडाच्या गोदामाला आग लागली. मागच्या खोलीत पहारेकरी अडकलाय, असं बाहेर कुणीतरी ओरडत होतं. मी आणि मुनी आत शिरलो. गाठोड्यांच्या मधून, भिंतीला हात लावत, शेवटी त्या खोलीच्या दारापर्यंत पोचलो. मुनीचा हात दाराच्या कडीवर होता आणि माझी शिट्टी वाजली.

मुनीनं माझ्याकडे पाहिलं, कडीवरचा हात काढला आणि आम्ही मागे फिरलो. त्या पहारेकऱ्याला दुसऱ्या गाडीच्या लोकांनी मागची भिंत फोडून बाहेर काढला. जगला तो. पण त्या दारापासून बाहेर येताना मी मनात कुणाला काय काय शिव्या घातल्या ते लिहिण्यासारखं नाही. त्यातल्या बऱ्याचशा मलाच होत्या.

साहेबांनी मला बोलावलं. साहेब ओरडत नाहीत, ते चष्मा पुसतात. चष्मा पुसत ते म्हणाले, "सरावाच्या इमारतीत धूर भरू. तू आणि मुनी, सगळ्यात वरचा मजला, तिथे माणूस म्हणून ठेवलेला पुतळा उचलून खाली आणायचा. तुझी शिट्टी न वाजता. दोन महिने देतो. नाही जमलं तर पंपावर."

पंपावर काम करण्यात कमीपणा काहीच नाही. पंपावरचा माणूस चुकला तर आत गेलेल्यांचा कोळसा होईल, हे पैलवानाला तोंडावर सांगणार नाही, पण मला ठाऊक आहे. मात्र मी या नोकरीत आले ती आत जायला. लहानपणी शेजारच्या इमारतीच्या धुरातून एक माणूस खांद्यावर बाई घेऊन बाहेर आला होता, ते पाहिलं त्या दिवशीच माझं ठरलं होतं. आता एका शिट्टीपायी मला बाहेर उभं करणार म्हणजे काय?

मी हट्टाला पेटले. आधी धावणं वाढवलं. शिट्टी सरावात आणखी लवकर वाजली. मग मी विचार केला, हवा कमी लागायची तर कमी घ्यावी. यात चूक काय? मी धावताना श्वास रोखायला लागले. या विजेच्या खांबापासून त्या खांबापर्यंत श्वास नाही, मग एक मोठा घोट, पुन्हा पुढच्या खांबापर्यंत नाही. डोकं ठणकायचं. मी म्हटलं, ठणकू दे, सवय होईल. तिसऱ्या का चौथ्या सकाळी खांब एकाचे दोन दिसले, दोहोंच्या मधून जायला गेले आणि हनुवटीवर आपटले.

घरी आले तेव्हा सासूबाई चटईवर होत्या. आमची पुढची खोली अरुंद आहे, आणि त्यांची योगासनांची चटई नेमकी चपलांच्या कपाटासमोर असते. रोज सकाळी मी सासूबाईंना ओलांडून धावायला जाते. ऐकायला वाईट वाटतं, पण तसंच आहे. त्या डोळे मिटून पडलेल्या असतात आणि मी एका हातात बूट घेऊन त्यांच्यावरून टांग टाकते. लग्न झाल्यापासून आमच्यात या विषयावर एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं.

माझ्या हनुवटीचं रक्त पाहून त्या उठल्या, कापूस आणला आणि औषध लावताना माझ्याकडून सगळं काढून घेतलं.

"श्वास रोखून धावत होतीस?"

"हवा वाचवायला."

"आणि वाचलेली ठेवलीस कुठे?"

मला राग आला आणि हसूही आलं. हसल्यावर हनुवटी दुखली.

सासूबाई जन्मभर टेलिफोनच्या कचेरीत होत्या, कानाला यंत्र लावून अनोळखी लोकांशी बोलत. श्वासाचं त्या तिथेच शिकल्या, म्हणाल्या. दिवसाच्या शेवटी ज्यांचा आवाज बसायचा त्या सगळ्या मुली छाती भरभरून बोलणाऱ्या. "घेण्याची घाई सगळ्यांना असते. तू सोडतेस कुठे? आतला डबा शिळ्यानं अर्धा भरलेला ठेवतेस, त्यावरच ताजं ओततेस, आणि पुरत नाही म्हणून आणखी ओततेस. आधी पूर्ण सोडायला शिक."

"शिकवाल?"

"शिकवीन. पण ते धावणं आधी बंद कर. गुडघ्यांची वाट लावतेस, बाकी काही नाही."

"आणि जिना कोण चढेल? तुमचं शवासन?"

झालं. दोन दिवस आम्ही दोघी एकमेकींशी फक्त दूध आणि किल्ल्या या विषयांवर बोललो. नवरा, म्हणजे त्यांचा मुलगा, जेवताना एकदा म्हणाला, "दोघींचंही बरोबर आहे," आणि दोघींनीही त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ताट उचलून स्वयंपाकघरात नेलं.

तिसऱ्या सकाळी मी बूट घ्यायला आले तर सासूबाईंची चटई सरकलेली होती. बाजूला दुसरी अंथरलेली, नवऱ्यानं कधीतरी हौसेनं आणून कपाटावर टाकलेली. कपाटापर्यंत जायची वाट मोकळी ठेवली होती.

"धावून ये," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "आणि आल्यावर इथे. रोज. एक दिवस आहे आणि एक दिवस नाही, असं माझ्याकडे चालत नाही."

"माझ्याकडेही चालत नाही," मी म्हटलं.

एवढ्यानं सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं रोज धावणाऱ्या बाईला पुढे वाकताना पाहावं. पोटऱ्या आणि मांड्या सुकलेल्या दोरखंडासारख्या. माझे हात नडगीच्या खाली जाईनात. मी दात-ओठ खाऊन, घामाघूम होऊन एकेक बोट पुढे सरकवत होते आणि सासूबाई विचारत होत्या, "कुणाशी भांडतेस?" त्या स्वतः पायाचे अंगठे पकडून आरामात बसल्या होत्या. मला वाटलं, हे मुद्दाम आहे. मी आणखी जोर लावला आणि कंबर धरली.

शवासन तर त्याहून कठीण गेलं. आमची नोकरी अशी की कामावर पडायचं तेही उठायच्या तयारीत. विजार बुटांच्या गळ्यात खोवून ठेवलेली असते, उडी मारली की एका झटक्यात दोन्ही पायांत. मला सासूबाई सांगतात, अंग सोड, पाय सोड, जबडा सोड. मी जबड्यापर्यंत आले आणि शेजारच्या घरातल्या कुकरनं शिट्टी दिली. मी उठून, बूट हातात घेऊन, दाराची कडी काढली होती तेव्हा मला कळलं की मी कुठे आहे.

सासूबाई पोट धरधरून हसल्या. इतक्या, की त्यांनाच श्वास पुरेना. मीही मग खाली बसून हसले. आमच्यात काहीतरी मोडलं आणि ते मोडलं हे बरं झालं.

दुसऱ्या दिवशी त्या मैदानावर आल्या, धावायला नाही, बाकावर बसायला. धावताना बोलता आलं पाहिजे, हा त्यांचा नियम. मी फेरी मारून समोरून गेले की त्या मोठ्यानं प्रश्न विचारायच्या आणि मी पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं.

"भाजीला काय आणायचं?"

"काहीही!"

"पूर्ण वाक्य!"

"घरात आहे तीच... संपवू... आधी!"

त्या हातानं खाली दाबल्यासारखी खूण करायच्या. हळू. आणखी हळू. मी इतकी हळू धावले की बाबागाडी ढकलत चाललेला एक गृहस्थ मला मागे टाकून गेला. नेमका त्याच वेळी पैलवान सायकलवरून चालला होता. त्यानं सायकल थांबवून पाहिलं. त्या दिवशी केंद्रात काय काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. मी ऐकून घेतलं. मला चीड आली नाही असं नाही, चीड इतकी आली की कान तापले. पण दुसऱ्या सकाळी मी पुन्हा तितकीच हळू धावले. मला आत जायचं होतं.

हळूहळू उत्तरं लांबायला लागली. दोन पावलांना श्वास घ्यायचा, तीन पावलांना सोडायचा, हे आधी मोजून करावं लागायचं. मग पाय आपोआप ते करायला लागले. घरी चटईवर हात घोट्यापर्यंत गेले, मग तळव्यापर्यंत. धावण्यानं आखडलेलं चटई मोकळं करायची, आणि चटईवर जे जमलं ते मैदानावर टिकतंय का ते कळायचं. सासूबाईंनी गुडघ्यांचा विषय सोडला. एके दिवशी मी त्यांना राजकारणावर एवढं मोठं उत्तर दिलं की अर्धं देईपर्यंत मी वळणाच्या पलीकडे गेले होते. त्या बाकावरून टाळ्या वाजवत होत्या.

परीक्षेच्या दिवशी सरावाची इमारत धुरानं गच्च भरली होती. साहेब खाली उभे, पैलवान पंपावर. मी आणि मुनीनं मास्क लावून एकमेकांचे पट्टे तपासले, अंगठा दाखवला आणि शिरलो.

आत स्वतःचा हातही दिसत नव्हता. मी पुढे, मुनी मागे, त्याचा हात माझ्या खांद्यावर. जिना. श्वास आत, मग पूर्ण बाहेर. मास्कमध्ये माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता, इतका शांत. जिथे माझी शिट्टी हमखास वाजायची तो मधला मजला आला आणि गेला. मी काट्यावर बॅटरी मारली. हवा भरपूर होती. मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही, ओरडायला हवा लागते.

मुनीचा हात खांद्यावर जड झाला होता. मला ते जाणवलं, आणि मी तिकडे लक्ष दिलं नाही.

वरच्या मजल्यावर रांगत शोधून पुतळा सापडला. माणसाएवढा वजनदार. मी खांद्यांकडून धरला, मुनीनं पायांकडून, आणि आम्ही उतरायला लागलो. शेवटचा एक जिना उरला होता तेव्हा शिट्टी वाजली.

माझा हात आपोआप वर गेला. आमच्यात ती खूण आहे, "माझी." इतक्या वर्षांची सवय. मग मी काट्यावर बॅटरी मारली. काटा लाल रेषेच्या कितीतरी वर होता. शिट्टी माझ्या पाठीवर वाजत नव्हती.

मी बॅटरी वळवली. मुनी भिंतीला हात टेकून उभा होता आणि त्याचे खांदे वरखाली होत होते.

मी त्याला पट्ट्याला धरून बाहेर आणला. नियमाप्रमाणे पुतळा तिथेच सोडला, जिन्यावर, तोंडावर पडलेला.

बाहेर पैलवानानं शिट्टी ऐकून तोंड उघडलंच होतं, "अरे भात्या..." आणि मग कुणाची वाजतेय ते पाहून मिटलं. मुनीनं मास्क काढला. केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे. तो खाली बसला.

साहेबांनी मला बाजूला नेऊन माझा काटा पाहिला आणि चष्मा पुसायला घेतला. "तू पास. तुझी वाजली नाही, एवढंच पाहायचं होतं. मुनीला पंपावर देतो, वय झालंय त्याचं. तुला नवा जोडीदार."

मला हवं होतं ते मिळालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. इतकी वर्षं माझी शिट्टी इतक्या लवकर वाजायची की मुनीची वाजायची वेळच कधी आली नव्हती. त्याला श्वास जपता यायचा, पण पायांत दम नव्हता, आणि ते कुणालाच कळलं नाही. त्यालाही कळलं नसेल, असं मला तेव्हा वाटलं.

"साहेब, आम्ही नापास झालो," मी म्हटलं.

"तू नाही."

"आत जोडी जाते. मग परीक्षा एकटीची कशी? पुन्हा घ्या, दोघांची."

"आणि पुन्हा वाजली तर?"

"दोघांना पंपावर टाका."

साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग एक महिना दिला. मी मुनीपाशी गेले आणि त्याला सांगितलं, उद्या सकाळी मैदानावर, बूट घालून, आणि त्यानंतर आमच्या घरी, चटई असेल तर आण. त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"तुला विचारायला हवं होतं, माहितेय," मी म्हटलं. "पण तू उत्तर दिलं असतंस का?"

तो आला. कुणाचे तरी जुने बूट घालून, पोट पट्ट्यात कोंबून. अर्ध्या फेरीतच त्याचा चेहरा टोमॅटो झाला. सासूबाई बाकावर होत्याच.

"चहा घेता का हो तुम्ही सकाळी?" त्यांनी त्याला विचारलं.

मुनीनं मान डोलावली.

"मान नको. तोंडानं!"

"घेतो," मुनी म्हणाला.

"पूर्ण वाक्य!"

तो माझ्याकडे बघायला लागला, वाचव म्हणून. मी वाचवलं नाही. "बोलता आलं तरच वेग बरोबर," मी म्हटलं. "मला छळलंय त्यांनी, आता तुझी पाळी. काहीही बोल."

आम्ही वळणापर्यंत गेलो. बाबागाडीवाला आम्हा दोघांना ओलांडून गेला. मुनीच्या ओठांची हालचाल चालली होती, जणू जड सामान कुठून उचलावं हे ठरत नव्हतं. मग त्यानं बोलायला सुरुवात केली.

"त्या गोदामात... माझा हात कडीवर होता."

"माहितेय."

"मी उघडत नव्हतो. मी कडी धरून उभा होतो." तो दोन श्वास थांबला. "पाय संपले होते माझे. दार उघडून पुढे जमलंच नसतं. तुझी शिट्टी वाजली ना, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. आधीही व्हायचं. दर वेळी."

माझं डोकं फिरलं. त्या दारासाठी मी स्वतःला किती बोल लावले होते, हनुवटी फोडून घेतली होती, सगळ्या केंद्राचं भाता भाता ऐकून घेतलं होतं, आणि हा गप्प बसला होता. माझे पाय आपोआप सुटले. जोरात, पूर्वीसारखे. मला त्याच्यापासून लांब जायचं होतं आणि ते मला सहज जमणार होतं.

मागे त्याचा श्वास ऐकू आला. तुटत तुटत येत होता, फुसफुस करत, अगदी भात्यासारखा. तरी पावलं थांबली नव्हती. तो माझ्यामागे यायचा प्रयत्न करत होता, बोलता येईल त्याच्या कितीतरी पलीकडच्या वेगानं.

मी हळू झाले. आणखी हळू, तो बरोबरीला येईपर्यंत. राग गेला नव्हता, तो बरेच दिवस राहणार होता.

"आधी पूर्ण सोड श्वास," मी म्हटलं. "मग घे. आणि बोल पुढे."